दाबतात तो चाप, पडतो तो घोडा

नाव: दप्तरी नमूद. हुद्दा: शस्त्रनिगा तंत्रज्ञ, श्रेणी एक (श्रेणी दोन मंजूर नाही). बांधा: मध्यम, बैठ्या कामाने किंचित रुंदावलेला. ओळखीची खूण: कपाळावर चढवलेले भिंग, जे सदर इसम जेवतानाही उतरवण्यास विसरतो. अधिकार: नेमबाजी मंडळाच्या मैदानावर येणारे प्रत्येक शस्त्र तपासणे, दुरुस्त करणे व वापरास योग्य अथवा अयोग्य ठरवणे, याबाबत त्याचा निर्णय अंतिम राहील व त्यावर अपील चालणार नाही. सदर इसमास त्याची थोरली बहीण ‘ढब्या’ म्हणते आणि तो ओ देतो.

ढब्याची खोली मैदानाच्या मागच्या अंगाला होती. एक लांब टेबल, त्याला जडवलेला, वस्तू घट्ट धरून ठेवणारा शेगडा, एक छोटं लेथ, तेलाचे डाग पडून नकाशासारखी दिसणारी फडकी, आणि भिंतीवर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी: ‘दाबतात तो चाप. पडतो तो घोडा. गल्लत करू नये.’ बोट ठेवून दाबायचा तो चाप, आणि चाप दाबल्यावर मागून धाडकन पडून गोळीला ठोका देतो तो घोडा, एवढाच त्या पाटीचा अर्थ. पण बाहेरचं सगळं जग बोट ठेवायच्या भागालाच घोडा म्हणतं, आणि या गोष्टीचा ढब्याला मनापासून त्रास होई. नवा सभासद ‘घोडा जड वाटतोय’ म्हणाला की ढब्या शांतपणे पाटीकडे बोट दाखवी आणि तो बिचारा वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हणेपर्यंत पिस्तुलाला हात लावत नसे. मैदानावरची माणसं या विषयात कानाला खडा लावून होती.

ताई मात्र या शिस्तीतून सुटली होती. तिनं पाटी वाचली होती. पण धाकट्या भावानं लिहिलेली पाटी वाचणं आणि ती मानणं यात फरक आहे. शिवाय थोरल्या बहिणीचं मराठी दुरुस्त करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती.

ताईनं सारं आयुष्य एका दंतवैद्याच्या दवाखान्यात काढलं. डॉक्टरांनी न बघता हात पुढे करायचा आणि ताईनं त्यात नेमकं हत्यार ठेवायचं. तिचा हात थरथरताना कुणी पाहिला नव्हता. नेमबाजी तिनं उशिरा, मुलं मार्गी लागल्यावर सुरू केली आणि मग ती अशी धरून ठेवली की लोक तिला पिस्तुलावरूनच ओळखू लागले. तिचं पिस्तूल स्पर्धेचं, चांगल्या बनावटीचं, पण आधीच्या मालकानं भरपूर वापरलेलं आणि तिनं त्याहून जास्त. गाडी असती तर मीटर शेवटच्या आकड्यापर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून धावत असता.

उन्हाळ्याच्या सुमारास त्या पिस्तुलानं पहिली आगळीक केली. ताईनं नेम धरला, बोट नुसतं टेकवलं, आणि तिनं ठरवायच्या आत गोळी सुटली. निशाणाच्या खाली मातीत गेली. मग आठवड्याभरानं पुन्हा. ताई पिस्तूल घेऊन भावाकडे आली. ती मुळात मोजकं बोलणारी.

“घोडा हलतोय,” ती म्हणाली.

“बघतो,” ढब्या म्हणाला.

आणि त्यानं डोळ्यांत तेल घालून पाहिला तो घोडा. पिस्तूल उघडून घोडा काढला, भिंगाखाली धरला. कड थोडी गोलसर झाली होती, म्हणून नवा बसवला. घोड्याला रोखून धरणारा पोलादी तुकडा असतो, तो जुना झाला होता, तोही बदलला. स्प्रिंग बदलली. मग नियमाप्रमाणे चापाच्या बरोबर मध्यावर हूक अडकवून ठरावीक वजन टांगलं. वजन लोंबकळत राहिलं, घोडा जागचा ढळला नाही. स्वतः मैदानावर जाऊन गोळ्या झाडल्या. एकही चुकार सुटली नाही.

पुढच्याच सरावात ताईची गोळी मातीत गेली.

“घोडा अजून हलतोच आहे रे.”

“ताई, नवा कोरा घोडा आहे. तसूभर हलत नाही.”

“मग माझ्या हातात कसा हलतो?”

ढब्यानं पिस्तूल पुसून तिच्या हाती परत दिलं, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला. पिस्तूल चांगलं असेल तर उरतो हात.

मैदानाचे प्रमुख, ज्यांना सगळे पाठीमागे शिट्टीसाहेब म्हणत कारण ते बोलण्याऐवजी शिट्टी वाजवणं पसंत करत, त्यांनी ढब्याला गाठलं. “न ठरवता सुटलेली गोळी म्हणजे कुणाच्या तरी पायात जायची गोळी. मला एवढंच सांगा, पिस्तूल की हात?”

“पिस्तूल ठीक आहे,” ढब्या म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला माहीत असलेलं पिस्तूल ठीकच होतं.

साहेबांनी ताईला सांगितलं की रविवारच्या निवड स्पर्धेत तिनं उभं राहू नये, आणि सरावही तूर्त थांबवावा. तूर्त हा शब्द त्यांनी अदबीनं वापरला. या वयात थांबलेला सराव पुन्हा सुरू होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी ताई पिस्तूल जमा करायला आली. ढब्याच्या समोरच्या स्टुलावर बसली. त्यानं चहाचा कप पुढे केला. तिनं तो डाव्या हातानं उचलला, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही. उजवा हात तिनं मांडीवर ठेवला होता आणि ऐन वेळी तोंडघशी पाडणाऱ्या नातेवाइकाकडे पाहावं तशी ती त्याच्याकडे पाहत होती.

“घरी चहा ओतताना बघते मी,” ती म्हणाली. “सांडत नाही. सुईत दोरा ओवते. पहिल्या झटक्यात जातो. मग इथंच काय होतं याला?”

“वय होतं, ताई. माझंही होतंय.”

“तुझं पोट होतंय. वय वेगळं.” तिनं एक घोट घेतला. “जाऊ दे. पण सवय फार वाईट. परवा बसल्या बसल्या बोट आपोआप वाकत होतं. इतकी वर्षं त्या घोड्याच्या कडेवर घासून इथं घट्टा पडलाय बघ.”

तिनं बोट पुढे केलं. टोकाजवळ, आतल्या बाजूला, खरंच घट्टा होता. ढब्यानं बोट पाहिलं. मग पाटी पाहिली. मग पुन्हा बोट पाहिलं. घोडा पिस्तुलाच्या मागच्या अंगाला असतो. माणसाचं हे बोट तिथवर पोचायचं तर मनगट उलटं बसवावं लागेल.

“कुठल्या घोड्याची कड?” त्यानं विचारलं.

“कुठल्या म्हणजे? दाबते त्या. घोडे किती असतात पिस्तुलाला?”

ढब्यानं आपला कप खाली ठेवला. पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि चापाला पुढून मागं नाही, तर बाजूनं ढकललं. चाप डुलला. अगदी सहज, दोन्हीकडे.

“हा दात असता,” ताई वाकून बघत म्हणाली, “तर आमच्या डॉक्टरांनी केव्हाच काढला असता. हाच घोडा. उन्हाळ्यापासून बोंबलतेय मी.”

“हा चाप आहे, ताई.”

“बरं. मग चाप हलतोय.”

घोडं नेमकं कुठं पेंड खात होतं ते आता उघड्यावर आलं होतं, आणि ते त्याच्याच पाटीखाली बांधलेलं होतं. चाप ज्या पिनेवर फिरतो ती पिन त्यानं ठोकून बाहेर काढली. तिच्या मध्यावर खाच पडली होती. पिनेचं भोकही झिजून लांबोळकं झालं होतं. वजन टांगताना हूक बरोबर मध्यावर, सरळ खेचणारा. त्याचं स्वतःचं बोट लांब, तेही सरळ येणारं. ताईचा पंजा लहान. तिचं बोट जेमतेम टोकानं पोचे आणि चापाला एका बाजूला रेटे. चाप तिरका होई, आतला दुवा पुढे सरके आणि घोड्याला रोखणारा तुकडा आधीच निम्मा सुटलेला असे. मग श्वास जरी सोडला तरी गोळी सुटायची.

त्यानं भोक गोल करून लेथवर एक बारीक पितळी नळी कातली, ती आत बसवली, नवी पिन घातली. वजन टांगलं. वजन आधीसारखंच लोंबकळत राहिलं. वजनाला फरक कळणारच नव्हता. मग ढब्यानं आपली करंगळी वाकडी करून, टोकानं, एका अंगानं चाप रेटून पाहिला. पुन्हा पुन्हा पाहिला. तो सरळच राहिला.

रविवारी सकाळी तो शिट्टीसाहेबांसमोर उभा राहिला. “पिस्तूल खराब होतं.”

“तुम्हीच म्हणालात ठीक आहे.”

“मी बघितला तो भाग ठीक होता.”

“आणि न बघितलेला?”

“तो मला सांगितला होता. मला वाटलं, मला मराठी येतं.”

साहेबांना यातलं काही उमगलं नाही, पण त्यांनी तसं न दाखवता मान हलवली आणि ताईला आधी सरावाच्या पाच गोळ्या झाडायला सांगितल्या. एक जरी आपणहून सुटली, तर विषय संपला.

ढब्या तिच्या मागे उभा राहिला. तिच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं. पहिली गोळी मधोमध. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीला ताईनं हात उचलला, धरला, बराच वेळ धरला आणि न झाडता खाली आणला. तिनं पुन्हा उचलला. गोळी बरीच डावीकडे, बाहेरच्या वर्तुळात गेली.

तो पुढे झुकला आणि तिच्या एका कानावरचा आवाजबंद किंचित उचलला. “परत सुटली का?”

“नाही,” ताई म्हणाली. तिचा आवाज उन्हाळ्यापासून प्रथमच मोकळा होता. “ही माझी. मीच ओढून मारली.”

उरलेल्या दोन तिनं ठरवून झाडल्या. साहेबांनी तोंडातली शिट्टी काढून खिशात ठेवली आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की, शस्त्रातील तांत्रिक दोष सक्षम तंत्रज्ञाकडून दूर करण्यात आला असून सदर नेमबाजास आजच्या निवड स्पर्धेत सहभागी होण्यास मंडळाची हरकत नाही.

ताईनं कानांवर आवाजबंद पुन्हा नीट चढवले होते. तिला काही ऐकू गेलं नाही.