वरनं बघितलेलं गाव

बारामतीत एसटी स्टँडमागे एक बाई मराठी टायपिंग करून देतात. प्रत्येक वाक्य आधी पुटपुटतात, मगच त्यांची बोटं चालतात. माझी कादंबरी त्यांच्याकडं होती. पुढच्या काळातल्या एका गावात बोलायलाही परवाना लागतो, अशी ती गोष्ट. चौथ्या प्रकरणावर त्या थांबल्या.

“सर, ह्यात भ्या वाटत न्हाय. तुमी सगळं वरनं बघून सांगताय. जिला परवाना मिळाला न्हाय, त्या बाईला सांगू द्या की.”

“ती शिकलेली नाही.”

“मग तिच्या बोलीत लिवा. तवर मी टाइप करणार न्हाय.”

राग आला, तरी घरी येऊन ‘ती’ खोडून ‘मी’ लिहिलं. पाच महिन्यांनी नवं बाड नेलं. त्यांनी पहिलं पान वाचलं, उठून दुकानाचं दार आतून लावलं आणि टाइप करायला बसल्या.