पांढऱ्या पदरावर हळदीचा हात

हळदीचा डाग काढायचा असेल तर त्याला राख, सोडा, चुना यांतलं काहीही लावू नये. आधी लिंबू किंवा चिंचेचं पाणी, मग रिठ्याचा फेस, मग कडक ऊन. वाळलं की पुन्हा तेच. हे मी कॉलेजात शिकले नाही. मला कॉलेज दिसणार की नाही, हेच ज्या दिवशी एका डागावर येऊन ठेपलं होतं, त्या दिवशी शिकले.

आम्ही धर्म बदलून बौद्ध झालो त्याला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. आर्णीच्या बाजूचं आमचं खेडं. माझ्याआधी आमच्या घरात कोणी मॅट्रिक झालं नव्हतं, बाप अंगठा उठवायचा. मी पास झाले तेव्हा त्याने गावभर पेढ्याऐवजी गूळ वाटला आणि घरी येऊन मायला म्हणाला, "आता पुढचं आपल्यानं होत नाही." माझ्यापुरतं तिथेच सगळं संपलं होतं.

तेवढ्यात हे स्थळ आलं. मुलगा यवतमाळला नोकरीला होता. त्याचे वडील दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला, पण वस्तीत त्यांचा शब्द चालायचा. आमच्या घरी बसून त्यांनी सांगितलं, "मले हुंडा नको, भांडे नको. फक्त लगनात जुनं काही दिसलं नाही पायजे. हळद नाही, कुंकू नाही, अक्षता नाही. एवढं पाळा, पोरीले मी कॉलेजात घालतो. नाही पाळलं तर मांडवातून वापस जाईन, मंग मले बोलू नका." हे बोलणं मला लग्नापेक्षा मोठं वाटलं. मुलगा कसा दिसतो हे मी नंतर नीट पाहिलं. कॉलेज मात्र त्याच घटकेला डोळ्यासमोर उभं राहिलं.

वैशाखातलं लग्न. बापाने दिग्रसच्या बाजारातून नव्या रीतीचं पांढरं पातळ आणलं. शेजारची एक काकू ते पाहून म्हणालीच, "काहून व माय, हे पोरीचं लगन हाय का मयत?" माय तिच्यावर खेकसली, पण तिचाही जीव खाली-वर होत होता हे मला दिसत होतं. पांढऱ्या कपड्यात लेक सासरी धाडायची सवय आमच्या कोणाच्याच डोळ्यांना नव्हती.

सगळ्यात जास्त त्रास आत्याला. ती बापाची थोरली बहीण, नवरा लवकर गेला म्हणून आमच्याकडेच राहिलेली. माय वावरात जायची तेव्हा मला हिनेच सांभाळलं. दीक्षेच्या वेळी तिने घरातले देव स्वतः टोपल्यात घालून नदीला नेले होते, त्यात तिने कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण देव वेगळे आणि हळद वेगळी, असं तिच्या मनात होतं. हळद देवाची नसते, ती पोरीची असते.

लग्न दुपार कलल्यावर होतं. सकाळी न्हाणं झालं, पांढरं पातळ नेसून मी आतल्या खोलीत बसले. आत्या आली, दार लोटलं. मूठ मिटलेली होती.

"हे काय हाय, आत्या?"

"काही नाही व. नुसतं बोट लावतो गालाले. बिन हळदीची पोरगी मी कशी धाडू?"

"आत्या, नको! ते लोक वापस जातीन!"

"कोणाले दिसते? लावतो अन् पुसतो."

तिने हात पुढे केला, मी मागे सरले, आणि तिचा ओला तळवा गालावर न लागता खांद्यावरून खाली घसरला. पाटा-वरवंट्यावर ताजी वाटलेली हळद. पांढऱ्या पदरावर पाचही बोटं उमटली. मग मी अशी ओरडले की माय आणि बाप दोघंही आत धावले.

दुसरं पांढरं पातळ घरात नव्हतं. अख्ख्या वस्तीत एक होतं, ते एका म्हातारीचं, विटून मातकट झालेलं. आर्णीची मोटर सकाळीच निघून गेली होती. मायने कपाळ धरलं. बापाने कमरेची तंबाखूची पिशवी काढली, चुन्याची डबी उघडली.

"चुना पांढरा असते," तो म्हणाला, "घासून देतो वरून. झाकून जाईन."

आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, इतक्या आम्ही गांगरलो होतो. हळद आणि चुना मिळून काय होतं हे बायकांना का माहीत नव्हतं? बापाने दोन बोटांनी चुना घासला आणि पिवळा पंजा जागोजागी लालभडक झाला.

"अरे, कुंकू केलं ना तुमी!" माय किंचाळली.

बाप आपल्या बोटांकडे पाहत खाली बसला. जे दोन रंग दिसायला नको होते, ते दोन्ही आता माझ्या खांद्यावर होते. मला रडू आलं नाही. मी पातळ सोडलं, मायचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि न्हाणीवर जाऊन बसले.

लिंबू पिळलं. लाल गेलं, पिवळं परत आलं. आत्या मागून चिंचेचा कोळ घेऊन आली. मी तिच्या हातातून भांडं घेतलं, तिच्याकडे पाहिलं नाही. रिठे फोडून भिजत घातले, त्याचा फेस करून पदर चोळला. पिवळं थोडं उतरलं, पण बोटं बोटंच राहिली. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या कुडावर पदर पसरला. त्या दिवसाचं ऊन असं होतं की उघड्या पायाने उभं राहवत नव्हतं. मी उभी राहिले. वाळला की ओढला, लिंबू, रिठा, पुन्हा कुडावर. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी किती लांबून यायचं हे ज्याला माहीत आहे त्याला कळेल, माय त्या दिवशी कुठकुठलं पाणी वापरून बसली. पाहुण्यांच्या प्यायच्या रांजणाला हात लागला तेव्हा बाप नुसता "वापरा, वापरा" म्हणाला.

शेजारची काकू कुडापाशी आली. "नीळ दे व त्याले."

"पिवळ्यावर नीळ देऊ? हिरवं होईन ना!"

"मंग हिरवं नेस. कॉलेजवाली हायस तू."

एरवी मी हसले असते.

वरात शिवारात दिसली असं पोरं ओरडत आली तेव्हा पदर ओलाच होता. डाग गेला होता म्हणावं तर गेला होता. ज्याला माहीत नाही त्याला दिसला नसता. मला मात्र पाचही बोटं दिसत होती. मी तसंच ओलं पातळ नेसले. तेव्हा कुठे माझं लक्ष आत्याच्या हाताकडे गेलं. तळवा, नखं, बोटांच्या घड्या, सगळं पिवळं होतं. तिचा हात धुवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

माय म्हणाली, "आत्याबाई, तुमी आतच राहा. बाहेर येऊ नका." आत्या मान हलवून कोपऱ्यात बसली.

मांडवात सगळे बसले. आणि व्याह्यांनी नेमकं तेच विचारलं, "आत्याबाई दिसून नाही राहिल्या? बोलणीच्या दिवशी त्यांच्याच हातचा चहा पेलो होतो मी."

"तिले ताप हाय," बाप म्हणाला.

"मंग पाहून येतो," म्हणत ते उठले. तसं आत्याच दारात येऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात पुढे केले, तळवे वर.

"इवाई, हे मी केलं. पोरगी सकाळपासून धुऊन राह्यली. तिले काही म्हणू नका."

कोणीतरी मागून म्हटलं, "घ्या, चोरून हळद!" व्याह्यांनी आत्याचे हात पाहिले, मग माझा पदर. त्यांना दिसलं. पाहायचं ठरवल्यावर कोणालाही दिसलं असतं.

"ही बाई मांडवात नाही पायजे," ते म्हणाले. "नाहीतर मी चाललो."

बाप हात जोडू लागला. आत्या मागे वळली. सगळं माझ्या हातातून जात होतं, आणि मी बोलले तर पुरतंच जाणार होतं.

"मामाजी," मी म्हटलं, "पदराची हळद मी काढली. आत्याच्या हाताचीबी काढतो. ऊन हाय अजून. तिचा हात साफ होईलोक थांबा. पण लगन तिच्यासमोर होईन."

मागे दोघं-तिघं हसले. मामाजी हसले नाहीत. नवरा मुलगा इतका वेळ मान खाली घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, "बाबा, बसा." ते बराच वेळ उभे होते. मग बसले, पण आमच्याकडे पाठ करून.

सासरे शब्दाचा माणूस. मला कॉलेजात घातलं, बी.ए. केलं, फीसाठी कधी कुरकुर केली नाही. पण आत्या जिवंत असेपर्यंत माझ्या माहेरच्या दारात पाऊल ठेवलं नाही. आत्या मला भेटायला यवतमाळला यायची तेव्हा मोटर स्टँडवरूनच परत जायची. मी कितीदा म्हटलं, घरी चल. ती म्हणायची, "राहू दे व. तुह्या शिकण्यात मले खोडा नाही घालायचा."

त्या दिवशी वंदना सुरू झाली तेव्हा आत्या मांडवाच्या कडेला, भर उन्हात जाऊन बसली. मी म्हटलं होतं ते तिने खरंच मानलं. लिंबाची अर्धी फोड घेऊन ती तळवा घासत होती, वाळवत होती, पुन्हा घासत होती. लोकांनी आमच्यावर फुलं टाकली. तिचं घासणं चालूच होतं. तिला कोणी थांब म्हटलं नाही.