रुखसारच्या अब्बांचा कान

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. रुखसारला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायचं होतं तिलाच. मी इंग्रजी शाळेत शिकले, लिहिते इंग्रजीत. पण जे खोटं लिहिलं तेही इंग्रजीतच होतं, म्हणून खरं तरी मराठीत लिहावं असं वाटतं. चुका होतील. होऊ देत.

सुरुवात एका अल्बमपासून करते. ब्रिटनमधल्या एका इंडस्ट्रियल मेटल बँडचा पहिला अल्बम, माझ्या जन्माच्याही आधीचा. त्यात ड्रम वाजवायला माणूस नाही, मशीन आहे. त्यावर जड, घासत जाणारी गिटार, आणि विहिरीच्या तळातून ओरडावं तसा एका माणसाचा आवाज. पुण्याच्या मावसभावानं मला तो पाठवला होता. तुम्हाला खरं सांगू? मला तो आवडत नव्हता. डोकं दुखायचं. पण अमरावतीच्या हॉस्टेलमध्ये मी कुणाशी धड दोन वाक्यं बोलत नसे, आणि "ती तसलं काहीतरी ऐकते" एवढ्यानंच मुली मला ओळखत होत्या. तोंड न उघडता वेगळं ठरता येत होतं. लाजाळू माणसाला आणखी काय हवं असतं?

रुखसार माझी रूममेट. अकोटची. तिचे अब्बा तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर — कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं ते दुरुस्त करत. एका रविवारी दुपारी मी छोट्या स्पीकरवर तो अल्बम लावून कपाळ दाबत बसले होते. रुखसार कपड्यांच्या घड्या घालत होती.

"डोकं दुखते तं लावून काहून राहिली वं?"

मी म्हटलं, चांगला आहे म्हणतात.

"कोण म्हणते? तुहा भाऊ? मंग त्याचंच डोकं दुखू दे नं."

मी बंद करायला हात पुढे केला, तर तिनं तो धरला. "थांब, थांब. हे तं आमचं जिनिंग हाय!"

तिनं ड्रॉवरमधून पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, काढला. आमचा टेबलफॅन वारंवार बिघडायचा, म्हणून तिनं तो घरून आणून ठेवला होता. पेचकसाचं टोक तिनं स्पीकरला लावलं आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. ही तिच्या अब्बांची पद्धत. सगळी यंत्रं धडधडत असताना कुठलं बेअरिंग खराब झालंय, हे ते असं ऐकून सांगतात. डोळे मिटून ती अख्खं गाणं तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मशीन थकून नाई राहिली. गाणारा थकून राहिला. मशीनच्या मागं मागं धावून राहिला तो. अब्बाचं बी तसंच झालं. आता त्याईले अजान बी नीट ऐकू येत नाई. पण बेअरिंग गेलं, तं पेचकसातून बरोबर समजते."

मग तिनं पेचकस माझ्या हातात दिला. मी मूठ कानामागे धरली — आणि तो अल्बम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आठवड्याभरात मी त्यावर लेख लिहिला. संगीताच्या एका वेबसाइटनं तो छापला. थकणारा माणूस, न थकणारी मशीन, पेचकस, अजान न ऐकू येणारा कान — सगळं त्यात आहे. नाही, अजान नाही. ती मी काढून टाकली. तिच्या जागी देवळातली घंटा लिहिली.

का? कारण लेखाचं पहिलंच वाक्य आहे — माझे वडील जिनिंगमध्ये फिटर आहेत.

माझे वडील अकोल्याला बँकेत आहेत. तीन खोल्यांपलीकडून कुकरच्या शिट्ट्या मोजतात. त्यांचे कान ठणठणीत आहेत. "मैत्रिणीचे वडील" लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? तेव्हा मला वाटलं, लेख फिका पडेल. मग मी दुसऱ्याच्या वडिलांचं बहिरेपण उचलून माझ्या घरात आणून ठेवलं. त्या लेखामुळे मला लिहिण्याचं काम मिळालं. आजही तेच करते.

लेख आला तेव्हा रुखसार म्हणाली, "मले वाचून दाखव. मराठीत सांग." मी मोबाइल हातात धरून सांगत गेले. स्क्रीनवर एक होतं, तोंडात दुसरं. "माझ्या मैत्रिणीचे अब्बा," मी म्हटलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. तिनं लगेच घरी फोन लावला, आणि अब्बांना ऐकू जावं म्हणून एवढ्यांदा ओरडली, की शेजारच्या खोलीतल्या मुली बाहेर आल्या. "अब्बा! तुमच्यावर अंग्रेजीत छापून आलं!"

मागच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा अकोटला तिच्या घरी गेले. बैठकीत, घड्याळाखाली, तो लेख फ्रेम करून लावला होता. रुखसारनंच कधीतरी झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली होती. अब्बांना उर्दू येते, मराठी येते, इंग्रजी नाही. त्यांनी भिंतीवरून फ्रेम उतरवली, बाहीनं काच पुसली आणि माझ्यापुढे धरली. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसे ते मोठ्यांदा म्हणाले, "बेटा, माहं नाव कुठं हाय यात? रोज पायतो, पण मले सापडतच नाई."

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. 'माय फादर' या शब्दांवर.

"इथं," मी ओरडून सांगितलं.

त्यांनी त्या दोन शब्दांवरून सावकाश अंगठा फिरवला. मी मान वळवली, तर रुखसार चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिला इंग्रजी वाचता येतं. हळू, पण येतं. आणि हे दोन शब्द कुणाला येत नाहीत?

"चहा घे," ती म्हणाली. "थंडा होऊन राहिला."

मी घेतला.

लेख अजून त्या वेबसाइटवर तसाच आहे. एक ईमेल केला तर ते वाक्य बदलता येईल. तो मी केलेला नाही. अब्बांचं नाव शेख हबीब. त्या लेखात ते कुठेच नाही.