सेनापतीची बहीण

पहारेकरी झोपायला तयार नव्हता. आमच्या सेनापतीने त्याला सरबताचा तिसरा पेला पाजला, तरी तो दारातून हलेना. माझ्या शेजारी सौदीहून समुद्रावरचा कॉजवे ओलांडून आलेला वितरक बसला होता. मागे आमचे मालक उभे. मालकाला तिकडे आखातात अरबाब म्हणतात. एसी चालू होता आणि माझी पाठ भिजली होती.

हे सगळं चाललं होतं कम्प्युटरच्या पडद्यावर. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. बहरीनच्या राजधानीत, मनामात, बाब अल बहरीन या वेशीच्या मागच्या गल्लीत, अरबाबचं कम्प्युटरचं दुकान होतं आणि वर ऑफिस. मी वसईचा, वर प्रोग्रामर. इक्बाल मुकादम दापोलीचा, खाली काउंटरवर बिलिंगला. त्याने इंग्रजीत एक गोष्ट लिहिली होती. लढाई हरलेला सेनापती, विधवा जादूगारीण, शापित किल्ला. दोघं लग्नावाचून एकत्र राहतात, दारू पितात, मेलेल्यांसाठी रडतात. "ही मोठ्या माणसांची गोष्ट आहे," असं तो बजावून सांगायचा. मी तिचा गेम बनवला. अरबाबने शब्द दिला होता की वितरकाने गेम उचलला, तर इक्बालचं बिलिंग बंद. त्याने वर बसून फक्त गोष्टी लिहायच्या.

वितरकाने पहिली कॉपी पाहिली आणि निरोप धाडला: घरात बायकामुलं असतात, दारू मफी, प्रेमबीम मफी. म्हणजे यातलं काही नको.

इक्बाल धावत वर आला. "विन्सेंट, मला सुट्टीचे दोन शुक्रवार दे. मी गोष्टच वळवतो. दोघांचा निकाह लावतो, मागचं पुढचं नीट बसवतो."

"अरे, दोन शब्दांचं काम आहे. तू बिलं फाड, जा."

हे मी हसत हसत म्हणालो होतो. तोही हसला होता. आज ते आठवलं की मला माझंच थोबाड रंगवावंसं वाटतं.

दोन शब्द म्हणजे कोणते? 'वाइन' होतं तिथे मी 'सरबत' केलं. 'प्रेयसी'चं काय करावं, यावर मात्र थोडा विचार केला. आपल्याकडे ज्या मुलीशी आपलं काही नाही हे चारचौघांत पटवायचं असतं, तिला बहीण म्हणून टाकतात. कॉलेजात मी स्वतः असा एकदोघींचा भाऊ झालो होतो. तेव्हा जादूगारीण सेनापतीची बहीण झाली. जवळिकीचे दोन प्रसंग कापले. बाकीचं कम्प्युटरने डोळ्यांची पापणी लवायच्या आत बदलून दिलं. मी खाली जाऊन सुलेमानी चहा प्यायलो.

आता पहारेकऱ्याचं. गेममधल्या पहारेकऱ्याला चव कळत नाही, शब्द कळतो. मी त्याला प्रोग्रॅममध्ये बजावून ठेवलं होतं: वाइन मिळाली की झोप. नंतर वाइन गेममधूनच पुसली, पण त्याला कळवायचं राहिलं. अशा चुकीला आमच्या धंद्यात बग म्हणतात.

"ये सोता क्यूँ नहीं?" अरबाबने विचारलं.

"ईमानदार आदमी है, अरबाब."

वितरक हसला. मला हुरूप आला. प्रोग्रामर स्वतःसाठी एक चोरकळ ठेवतो, ती दाबून मी थेट शेवटच्या भागात उडी मारली.

दरबार भरला होता. सेनापती जादूगारणीचा हात धरून पुढे आला आणि पडद्यावर त्याचं वाक्य उमटलं: 'ही माझी बहीण आहे. हिच्या पोटातलं मूल माझं आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.'

वितरकाने माउस सोडला. वाक्य पुन्हा वाचलं. मग उठला. "पहले वाला इससे शरीफ था," एवढंच मला म्हणाला आणि कहवा तसाच ठेवून निघून गेला. अरबाब त्याच्यामागे जिना उतरले.

इक्बाल काउंटर सोडून वर आला होता. दाराशी उभा राहून त्याने सगळं पाहिलं होतं.

"ते वाक्य मला सर्वांत शेवटी सुचलं होतं," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच बाकीचं लिहिलं. तू गोष्ट वाचली होतीस का, विन्सेंट?"

"अरे, वर्षभर टेस्ट करतोय मी."

"टेस्ट नाही रे. वाचली होतीस?"

नव्हती. टेस्ट करताना मजकूर आला की आपण एंटर मारतो. पुढचा आला की पुन्हा एंटर. प्रत्येक वाक्य चौकटीत मावतं की नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो असतो. त्यात लिहिलंय काय, ते नाही.

अरबाब वर येऊन म्हणाले, "गेम खलास. पहिला भाग नव्या कम्प्युटरबरोबर फुकट देऊन टाका." इक्बालने पुन्हा दोन शुक्रवार मागितले नाहीत. खाली गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तो गेला.

दुसऱ्याच्या गोष्टीतला एक शब्दही बदलायचा असेल, तर ती आधी शेवटपर्यंत वाचावी, हे मला तेव्हा कळलं. कुठल्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असेलही. मॅन्युअलही मी कधी पुरतं वाचलेलं नव्हतं.

फुकटच्या कॉप्या निघण्याआधी इक्बालने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. सुरुवातीच्या पडद्यावरून त्याचं नाव काढायचं. मी काढलं. त्या गेममध्ये मी केलेला तेवढाच एक बदल, ज्यातून एकही बग निघाला नाही.