पुरणयंत्राखालची सुलोचना

पाहुण्याला पाण्याचा ग्लास देण्याआधी काचेच्या टाकीसमोर उकिडवं बसवून "बोलू नका, आता ती नाक वर काढेल" असं बजावणारा यजमान बाळकुमपासून थेट डोंबिवलीपर्यंत एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत हे सांगताना माझी छाती फुगते. बायको म्हणते, फुगण्यासारखं त्यात काही नाही.

साडूंनी देवगांडूळ पाळलंय. हे गांडूळ नव्हे, सापही नव्हे आणि मासा तर नव्हेच; बेडकाच्या कुळातला बिनपायांचा जीव. हातभर लांब, करडं, गुळगुळीत. पहिल्यांदा मला वाटलं, कुणी पंक्चर शोधायला सायकलची ट्यूब बुडवलीय. कल्याणच्या एका दुकानात ते 'रबर ईल' म्हणून विकायला होतं. साडूंनी दुकानदाराला उभ्या उभ्या बेडकांच्या खानदानाचा इतिहास ऐकवला. गिऱ्हाईक एकदाचं जावं म्हणून त्याने वर एक जाळीही फुकट दिली. डोळे जवळजवळ नसलेल्या त्या बाईंचं नाव साडूंनी ठेवलं सुलोचना.

तेव्हापासून ताईंचं, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचं घर सुलोचनाबाईंच्या तब्येतीवर चालतं. तिच्या नाजूक कातडीला खडे टोचतात म्हणून साडूंनी ताईंच्या पिठाच्या चाळणीने वाळू चाळली. तिला उजेड खपत नाही म्हणून आम्ही त्यांच्या हॉलमध्ये चाचपडत सोफा गाठतो. तिचा खाऊ म्हणजे सोसायटीच्या बागेतली गांडुळं. ती फ्रिजमध्ये ठेवतात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. दसऱ्याला मी हातात पुरी घेऊन त्या डब्याचं झाकण उघडलं होतं. साडू कळवळून ओरडले, "हळू! दचकतील ती!" माझ्या दचकण्याची चौकशी आजतागायत कुणी केलेली नाही.

एकच काळजी होती. सुलोचना पळपुटी. झाकण जरा सैल दिसलं की डोक्याने ढकलून बाहेर. म्हणून साडू झाकणावर ताईंचं पितळी पुरणयंत्र ठेवत. "वर्षातून दोनदा लागतं तुला, एरवी नुसतं बसून असतं," असं म्हणून त्यांनी ते ताब्यात घेतलेलं.

यंदाच्या नागपंचमीला मी दिंडं खायला गेलो, तर हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या बायका जमलेल्या. वाटीत दूध, ताटलीत लाह्या. जिवंत नागोबा तिसऱ्या मजल्यावर असताना चित्राची पूजा कशाला करायची, असा त्यांचा बिनतोड विचार. साडू दोन्ही हात पसरून टाकीसमोर उभे.

"दुधाचा एक थेंब पडला तरी मरेल ती! नाग नाही हो, बेडकाच्या नात्यातली आहे!"

"बेडकाच्या नात्यातली, तर पाय कुठेत?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"तुमचं शेपूट कुठेय?"

काकूंनी लाह्या साडूंच्याच डोक्यावर वाहिल्या आणि सगळ्या हसत गेल्या. साडूंनी केसांतल्या लाह्या झाडल्या, टाकीकडे वळले आणि थिजले. झाकण तिरकं झालेलं. आत नुसती वाळू.

"पुरणयंत्र कुठाय?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. हाताला पुरण. "दिंडांना घेतलं हो मी सकाळी. जागी डबा ठेवला होता."

"कसला?"

"रव्याचा. पण..." त्यांनी मागे ओट्याकडे पाहिलं. "रवा लागला म्हणून तोही नेला."

साडू नुसते ताईंकडे बघत राहिले, आणि ते बघणं काही बरं नव्हतं. मग दोघंही तिला शोधायला खाली बसले. कातडी सुकली की खेळ संपला, एवढं त्या घरात कामवाल्या बाईंनाही पाठ होतं. मी सोफा ओढला, साडू पोटावर पालथे पडून कपाटाखाली बॅटरी मारत होते, "सुले, ए सुले" अशा हाका मारत होते. तिला कान नाहीत, हे त्यांनीच मला अनेकदा समजावलं होतं. त्या क्षणी आठवण करून द्यायची माझी छाती झाली नाही.

ती ताईंना सापडली. मोरीपाशी, लादी पुसायच्या ओल्या फडक्याखाली, अंगभर केस आणि धूळ चिकटलेली. आजवर त्या टाकीला बोटही न लावणाऱ्या ताईंनी हात नळाखाली धरले आणि तिला ओंजळीत उचललं. "अहो, या लवकर! हलत नाहीये हो ही!"

पाण्यात सोडल्यावर ती बराच वेळ तशीच तळाशी पडून राहिली. आम्ही तिघं गुडघे टेकून बसलो होतो. मग शेपटीकडचं टोक जरासं वळलं आणि ती संथपणे वाळूत शिरायला लागली.

"मी मुद्दाम नाही केलं," ताई म्हणाल्या.

"माहितीय गं."

"मग तसं का बघितलंत माझ्याकडे?"

साडू, ज्यांना गप्प करणं आमच्या सासऱ्यांनाही कधी जमलं नाही, सदऱ्याच्या बाहीने टाकीची कोरडीच काच पुसत राहिले. "घाबरलो होतो," शेवटी ते म्हणाले. "मुलं नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून... वाट बघायला घरात काहीतरी लागतं."

ताईंनी अजून ओलेच असलेले हात त्यांच्या पाठीवर ठेवले. सदऱ्यावर दोन पंजे उमटले. मी स्वयंपाकघरात गेलो, गार झालेली दिंडं एकट्यानेच खाल्ली, आणि भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून ताटली हळूच बेसिनमध्ये ठेवली.