मुळाकाठ एफसीचा रद्द झालेला गोल

तीन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी आमचा क्लब एका ई-मेलने संपवला. तोही मॅचच्या दिवशी सकाळी.

मी तिथे फिजिओ होते. सदाशिव पेठेतले आमचे नातेवाईक विचारायचे, "त्या लाथाळीत तुझं काय काम?"

मुळाकाठ एफसी. खालच्या डिव्हिजनमधला छोटासा प्रोफेशनल फुटबॉल क्लब. जेमतेम तीन सीझन जगला.

मेलमध्ये होतं, "स्ट्रॅटेजिक कारणांमुळे टीम तत्काळ बंद." जर्सी आणि बस लगेच परत मागितली होती. मालकांचं हिंजवडीतलं ऑफिस मात्र व्यवस्थित चालू होतं. आजही आहे.

टीमच्या ग्रुपवर तो ई-मेल फिरला. मग आमच्या बचावफळीतल्या राइट-बॅकचा, खडकीच्या समीरभाईंचा मेसेज आला. वय चौतीस. तीन सीझनमध्ये एकही गोल नाही.

"मॅच चारलाच आहे ना?"

कोच म्हणाले, "अरे समीर, क्लबच राहिला नाही."

"सर, टीम तर आहे. वॉकओव्हर मी देणार नाही."

साडेतीनपर्यंत अकराच्या अकरा जण आपापल्या स्कूटरवर आले. बदली खेळाडू एकही नाही. अंगात सरावाचे जुने टी-शर्ट. त्यांच्या पाठीवर मी स्ट्रॅपिंग टेपने नंबर चिकटवले. आठ नंबरला सगळ्यात जास्त टेप लागते, हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत.

क्लब बंद झाल्याचं रेफ्रीपर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांच्या पाठी पाहिल्या. "टेप निघाली तर बाहेर काढीन," म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

आम्ही ३-१ हरलो.

तो एक गोल समीरभाईंचा. कॉर्नर किकवर चेंडू त्यांच्या गुडघ्याला लागून आत गेला. त्याच गुडघ्याला मी तीन सीझन बर्फ लावत होते. मला रडू आवरलं नाही.

मॅच संपल्यावर ते हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्याच नावावर ना?"

"मग काय माझ्या?"

पुढच्या आठवड्यात फुटबॉल संघटनेने नियमावर बोट ठेवलं. माघार घेतलेल्या क्लबचे सगळे निकाल रद्द. म्हणजे कागदोपत्री ती मॅच झालीच नाही.

झाली. मी तिथे होते. ज्यांना "फेल्ड प्रोजेक्ट" वगैरे म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, फक्त माझ्या वॉलवर नको.

गेल्या महिन्यात समीरभाईंचा फोन आला. एका शाळेत कोचच्या जागेसाठी फॉर्म भरत होते.

"मॅडम, प्रोफेशनल गोल किती, असं विचारलंय. शून्य लिहू?"

"एक लिहा."

"रेकॉर्डला नाहीये ना पण."

"साक्षीदार म्हणून माझं नाव द्या. बघते कोण खोडतंय ते."

 पलीकडून पेनाचा आवाज आला.

मुळाकाठ एफसी, तुला मनापासून निरोप. ही श्रद्धांजली कुठल्याही नियमाने रद्द होत नाही.