शाळेचा हंडा

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसतो. बिदर जिल्ह्यात सीमेवरच्या एका ठाण्यात मी तेव्हा फौजदार होतो. जवळच्या खेड्यातल्या सरकारी मराठी शाळेचे हेडमास्तर अर्ज घेऊन आले. पोरांच्या दुपारच्या जेवणाचा मोठा हंडा चोरीला गेला होता. कुलूप शाबूत, डाळ-तांदूळ जागेवर, फक्त हंडा नाही.

मी हसू दाबत अर्ज स्टेशन डायरीत नोंदवला. मास्तर मात्र रडकुंडीला आले होते. पोरं कमी म्हणून शाळा बंद करून ओढ्यापलीकडच्या शाळेला जोडायचा हुकूम निघाला होता. यादीप्रमाणे सामान मोजून दिल्याशिवाय चार्ज देता येत नाही, आणि यादीत पहिलाच हंडा!

कुलूप शाबूत म्हणजे चोर घरचा. दुसरी किल्ली स्वयंपाक करणाऱ्या बाईकडे होती. तिला सगळं गाव अक्का म्हणे. मी जबाब घ्यायला बसलो, तर तीच माझ्यावर उखडली.

"मला कामून विचारायलाव? हंडा काय पदरात बांधून हिंडायलेय मी?" तिकडे 'का'ला 'कामून' म्हणतात.

आठवड्याने आमच्या चहावाल्याने खबर दिली. "साहेब, त्या गावात आज लग्न हाय. समदा भात एकाच हंड्यात शिजायलाय. येवढा हंडा त्या गावात दुसरा न्हाई."

जीप काढली. मांडवामागे चुलीवर हंडा रटरटत होता. आपल्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. पण या हंड्यावर नाव दिसेना. गळ्यापर्यंत राख-माती थापलेली. काजळी लवकर निघावी म्हणून माझी आईसुद्धा भांड्याला माती लावायची, पण बुडाला. गळ्याला कोण लावतं? ओलं फडकं फिरवलं आणि शाळेचं नाव वर आलं.

अक्का पुढे आली. "लग्नाला भांडं मागाय आल्यावर न्हाई कसं म्हणावं, साहेब?"

"ते राहू द्या. शाळेतून उचललंत कामून?"

"हंडा न्हाई तर चार्ज न्हाई. चार्ज न्हाई तर शाळा हलत न्हाई. ओढ्याला पाणी आलं की लहान पोरी घरी बसत्यात. माझी बसली, ती बसलीच." तिने चुलीतलं एक लाकूड मागे ओढलं. "आम्ही बाया घरोघर फिरायलोत, तालुक्याला घातलेली पोरं माघारी आणायलोत. पंधरा दिवस पायजेत."

चोर समोर, मुद्देमाल समोर उकळतोय, आणि मला पंचनामा सुचेना. मी पंगतीतल्या मास्तरांना बोलावून विचारलं, "हाच का तुमचा हंडा?"

मास्तरांनी एकदा अक्काकडे पाहिलं. "साहेब, आता गरम हाय. थंड होऊ द्या, मग वळखतो."

हंडा पंधरा दिवस थंड होत होता! तोवर पोरांचा भात घराघरातल्या पातेल्यांत शिजला. मग शिक्षण खात्याचे साहेब लोक पटसंख्या मोजायला आले, तर वर्गात बसायला जागा नव्हती. हुकूम थांबला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी अर्ज मागे घेतला: हंडा गावातच सापडला.

नियमाने माझं चुकलंच, ते मी नाकारत नाही. त्याआधी मी आरोपीला पहिला प्रश्न विचारायचो, माल कुठे ठेवलास? त्यानंतर निवृत्त होईपर्यंत पहिला प्रश्न एकच राहिला: कामून?

बदलीच्या आधी त्या शाळेत जेवून आलो. पोरी दाटीवाटीने पंगतीला बसल्या होत्या. हंडा घासून लख्ख केलेला होता, आणि अक्काने नावाची बाजू मुद्दाम माझ्याकडे फिरवून ठेवली होती.